परीक्षा झाली की येतो

माझा जन्म चौलचा. पोफळीच्या वाडीतला, म्हणजे आमचं घर आणि वाडी काय वेगळी नव्हतीच, दारातून पाय बाहेर टाकला की पोफळ, मागल्या दारी नारळ, मधी विहीर आणि विहिरीवर रहाट, त्याला जुंपलेला रेडा दिवसभर फिरायचा आणि रहाट दिवसभर कुरकुरायचा, आणि बा म्हणायचा, त्यो कुरकुरतोय तवर आपण जेवतोय. तुम्ही लिहून घेताय तर आधीच सांगून ठेवतो, वर्गात मी आहे-नाही-होते असं बोलायचो, चौतीस वर्षं बोललो, पण वर्गाबाहेर मला ते जमत न्हाय. तवा तोंडातून येईल तसं लिहा, सुधरवत बसू नका, मी लोकांचं सुधरवून थकलोय.

आता लोक मला विचारतात, मास्तर, तुम्हाला लहानपणापासूनच शिकवायची आवड व्हती का. आवड कसली डोंबलाची. मी मास्तर झालो तो झाडाच्या भीतीनं. सुपारी काढायची म्हणजे एका पोफळीवर चढायचं, आणि मंग खाली उतरायचं न्हाय, वरच्या वर झोका घेऊन दुसरी पोफळ धरायची, तिच्यावरून तिसरी, असं करत सगळी वाडी वरूनच फिरायची. बा फिरायचा. मी अकरा वर्षांचा असताना बानं मला वर घातला, आणि दुसऱ्या झाडाला हात घालायची वेळ आली तवा माझे डोळे फिरले, मी जी पोफळीला मिठी मारली ती दुपारपर्यंत सोडली न्हाय. गडी चढवून मला उतरवला. सगळी वाडी हसली. बा हसला न्हाय, त्यो म्हणाला, ह्याला झाडावर चढवत न्हाय तर शाळेत चढवा, कुठंतरी चढू दे. तर असा मी शिकलो. अलिबागला चालत जाऊन सातवीची, म्हणजे फायनलची परीक्षा दिली, पास झालो, आणि लोकलबोर्डाच्या शाळेत मास्तराची जागा मागितली.

डिपोटी सायेब, म्हणजे शाळा तपासणारे, ते म्हणाले, जागा हाय, पण खाडीपलीकडं. रेवदंड्याहून होडीत बसायचं आणि पलीकडं किल्ल्याच्या डोंगराखाली किरिस्तांवांची वाडी व्हती तिथं. तिथं कोणी मास्तर टिकत नसे. सायेब म्हणाले, सहा महिने काढ, अलीकडं जागा निघाली की तुला आणतो. मी म्हटलं, काढतो. सहा महिने. मिठाचा सत्याग्रह झाला त्याच्या सहा-सात वर्षं आधीची ही गोष्ट.

मास्तर का टिकत नसत ते पहिल्या दिवशी कळलं. मी म्हटलं, बसा. कोणी बसलं न्हाय. मी म्हटलं, अरे बसा की. पोरं उभी, माझ्या तोंडाकडं बघतायत. त्यांच्या घरात मराठी न्हायच. फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज, येऊन गेले, शेकड्यांनी वर्षं झाली, पण बोली मागं ठेवून गेले, तीच मोडून-जोडून ही माणसं घरात बोलतात, आणि मराठी फक्त बाजारापुरती मोठ्यांना येते. आधीचे मास्तर काय करायचे, तर छडी घ्यायचे. मी पण पहिले आठ दिवस घेतली, खोटं कशाला बोलू. छडी मारली की पोर रडतं, पण रडून काय त्याला मराठी येत न्हाय.

मंग एक म्हातारी व्हती, जुझेफा नावाची, ती रेवदंड्याच्या बाजारात भाजी विकायला यायची म्हणून तिला मोडकंतोडकं मराठी यायचं. तिची नात रोजा माझ्या शाळेत. म्हातारी नातीला सोडायला यायची आणि शाळेच्या पायरीवर बसून राहायची. ती मला म्हणाली, मास्तर, तू पोरांला शिकवते, पन तुला कोण शिकवल. मी म्हटलं, म्हणजे काय. ती म्हणाली, पयला तू शिक. मला राग आला. फायनल पास झालेला माणूस मी. पण दुसऱ्या दिवशी मी एक मासळी घेऊन गेलो, सुकी, आणि वर धरली, आणि विचारलं हे काय. सगळी पोरं एकदम ओरडली, पेश. मी फळ्यावर लिहिलं पेश, आणि त्याच्या पुढं लिहिलं मासा. त्या दिवसापासून तशी वही केली. डाव्या अंगाला त्यांचं, उजव्या अंगाला आपलं. रोज दहा. पोरं मला चुका काढून हसायची, आणि हसता हसता उजव्या अंगाचं पाठ करून टाकायची. काय सांगू तुम्हाला, त्यात काही डोकं लागत न्हाय, नुसतं आपण आधी अडाणी व्हायचं.

सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची चार झाली. अलीकडं जागा काय निघाली न्हाय, मीही मागं लागलो न्हाय. सकाळी होडीनं जायचं, संध्याकाळी होडीनं यायचं. पावसात खाडी खवळली की होडी बंद, मंग तिकडंच शाळेच्या पडवीत राहायचं, म्हणून माझी हंडी, माझे तांदूळ, माझा पाण्याचा तांब्या तिथं ठेवलेला असायचा. त्यांच्या हातचं पाणी मी प्यायचो न्हाय. ते पण देत नसत. असंच व्हतं तवा, कोणाला त्यात वाईट वाटत नव्हतं, निदान मला तरी वाटत नव्हतं.

मधी माझं लग्न झालं. बायकोचं नाव गोदी. तिचा बाप आमच्याच जातीतला, आणि जातीचा पंच, मी त्यांना मामा म्हणायचो. गोदी हसरी व्हती, तिला सगळं विचारायची सवय. पलीकडची माणसं काय खातात, त्यांच्या बायका लुगडं कसं नेसतात, आणि पाव कसा लागतो. रेवदंड्याच्या बाजारात तिनं पाव टोपलीत बघितलेला. अवो, तो आतून मऊ असतो का. मी म्हणायचो, मला काय ठाव, मी काय खाल्लाय. आज तुम्ही हसाल, पण तवा पाव खाणं म्हणजे बाटणं. माडी घालून फुगवतात, पायानं तुडवतात, आणि किरिस्तांव खातात, झालं, तीन कारणं पुरी झाली.

लग्नानंतरच्या श्रावणात तुफान आलं आणि होडी बंद झाली. मी पलीकडं अडकलो आणि त्यातच मला हिवताप भरला. पहिल्या दिवशी पेज केली. दुसऱ्या दिवशी लाकडं ओली, मला उठवेना, तांब्यातलं पाणी संपलं. तिसऱ्या दिवशी जुझेफा म्हातारी आली, डोक्यावर इरलं, हातात पितळी, पितळीत काळा चहा आणि पाव, होडी बंद व्हायच्या आदल्या दिवशी आणलेला, सुकून कडक झालेला, तिनं तो चहात बुडवून मऊ केला आणि माझ्यापुढं धरला. मला काय चाललंय ते कळत नव्हतं असं नंतर पंचांपुढं मी सांगू शकलो असतो. पण मला कळत व्हतं. मी खाल्ला. दोन दिवस तेच खाल्लं. आणि चांगला लागला.

होडी सुरू झाली तसा मी घरी निघालो, आणि निघताना काय केलं, तर म्हातारीकडून अर्धा पाव मागून घेतला आणि केळीच्या पानात बांधून गोदीसाठी नेला. आता बोला. माणसानं मेल्यासारखं पडून पाव खाल्ला तर जात कदाचित पोटात घालंल, पण हा शहाणा तो बायकोसाठी बांधून घरी आणतो. तिनं विचारलं व्हतं कसा लागतो म्हणून, तर तिला दाखवावा, इतकंच माझ्या डोक्यात. रहाटाच्या मागं उभं राहून तिनं तो खाल्ला. तोंडावर हात ठेवून हसत व्हती. म्हणाली, ह्यात काय हाय एवढं, ह्याच्यापेक्षा आमच्या आयेची घावनं बरी. आणि मागं बघितलं तर माझी आये घागर घेऊन उभी.

आयेच्या पोटात काही राहायचं न्हाय. तिनं वाईटपणानं केलं असं मी म्हणणार न्हाय, ती घाबरली आणि ओरडली, आणि वाडीतल्या गड्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी मामा आले. ते दारातच उभे राहिले, घरात आले न्हायत. म्हणाले, पंचाच्या घरचं खपवून घेतलं तर उद्या मी गावाला काय तोंड दाखवू. पोरीला मी नेतो, तिला शुद्ध करून घेतो. ह्यानं पण प्रायश्चित्त घ्यावं, जातीला जेवण घालावं, आणि पलीकडची शाळा सोडावी. होळीच्या आत. मंग येऊन आपली बायको घेऊन जावी, माझी ना न्हाय. गोदी त्यांच्या मागून चालत गेली. वाडीच्या फाटकाशी तिनं वळून मला विचारलं, कवा येताय. मी म्हटलं, परीक्षा झाली की येतो.

आता परीक्षेचं सांगतो. त्या साली माझी सात पोरं चौथीला बसणार व्हती. त्या वाडीतून चौथीला कोणी बसलंच नव्हतं आजवर. सातांत रोजा, ती एकटी पोरगी. आणि डिपोटी सायेबांनी आदल्या साली बजावलेलं, पुढल्या वर्षी निकाल दिसला न्हाय तर शाळा बंद. मी गेलो असतो तर दुसरा मास्तर आला नसता. परीक्षा फाल्गुनात, होळीच्या आठ दिवस आधी ठरलेली. मी बोटांवर मोजून बघितलं, बसतंय. परीक्षा घ्यायची, राजीनामा द्यायचा, प्रायश्चित्त घ्यायचं, गोदीला आणायचं. सगळं होळीच्या आत. मामांना तसा निरोप धाडला. ते म्हणाले, ठीक.

हिवाळाभर तिकडंच पडवीत राहून पोरांना घासलं, घरी फिरकलो न्हाय. सकाळी पाढे, पावकी-निमकी, दुपारी शुद्धलेखन. पौषात जुझेफा बाजारातून आली आणि म्हणाली, मास्तर, तुझी बायकू बाजारात भेटला. आपल्या आयेसंगं आली व्हती, वांगी घेताना खाली वाकून हळूच विचारलं, मास्तरांची परीक्षा कवा. मी म्हटलं, सांग, फाल्गुनात, होळीच्या आधी. माघात पुन्हा भेटली, पुन्हा तेच, परीक्षा कवा. मी म्हटलं, सांग, झालीच म्हणावं. म्हातारीनं टोपली खाली ठेवली. ती म्हणाली, मास्तर, तूच जाऊन सांग ना. मी म्हटलं, आता पंधरा दिवस तर राहिले.

आणि परीक्षेच्या दोन दिवस आधी चिठ्ठी आली की सायेब आजारी हायत, परीक्षा पुढं ढकलली हाय, होळीनंतर पंधरा दिवसांनी.

इथं मी काय केलं ते नीट लिहा. मी काही केलं न्हाय. मी मामांकडं गेलो न्हाय. निरोप धाडला न्हाय. मला वाटलं, सायबानं ढकललीय, म्हणजे मी काय मुद्दाम केलं न्हाय, सगळ्यांना कळंलच. सरकारी तारीख पुढं गेली की सगळंच पुढं जातं अशी मास्तर माणसाला सवय असते, सुट्टी पुढं जाते, निकाल पुढं जातो, कोणी आपलं वाईट मानत न्हाय. मला वाटलं, पंचांची तारीखही तशीच गेली असंल. होळी आली, पलीकडनं मला अलीकडच्या होळ्या दिसल्या, आणि मी पोरांकडून भागाकार करून घेत व्हतो.

परीक्षा झाली. सायबानं माझी वही बघितली, हे काय, सरकारी शाळेत ही कसली भाषा, म्हणाले. मंग रोजाला उभं केलं आणि विचारलं, तुझ्या गावाविषयी सांग. ती बोलली. शुद्ध बोलली, माझ्यापेक्षा शुद्ध, खाडी, डोंगर, किल्ला, भाताचं शेत, सगळं. सायबांनी वही मिटून मला परत दिली. सातांपैकी सहा पास. शाळा राहिली. जुझेफा पायरीवर बसून रडली, मला पण बरं वाटलं, का वाटू नये. त्याच संध्याकाळी होडीनं मी घरी आलो, खिशात राजीनामा लिहिलेला, आणि बाला सांगितलं, बा, उद्या मामांकडं जाऊ, मी तयार हाय.

बा रहाटाचा दोर वळत व्हता, त्यो वळतच राहिला. आये म्हणाली, अरे, गोदीचा पाट लागला. परवा. वरच्या अंगाच्या गावातला बिजवर हाय. होळी झाली आणि तुझा ना माणूस ना निरोप, पंचांनी काडी मोडून सोडचिठ्ठी केली. आम्ही तुला कळवणार व्हतो, पण तुझी परीक्षा व्हती.

मी पाय धुतले. जेवायला बसलो. भात आणि वालाचं बिरडं व्हतं. लोक सांगतात अशा वेळी घास उतरत न्हाय, माझा उतरला. चव कळली न्हाय म्हणावं तर तीही कळली, मीठ जास्त झालेलं. आये रडत वाढत व्हती आणि मी म्हटलं, आये, मीठ जास्त झालंय. रडू आलं न्हाय. अजून आलेलं न्हाय. माझं मलाच कधी कधी नवल वाटतं, दुःख झालं म्हणून सांगायला लाज वाटत न्हाय मला, खूप झालं, पण ते कुठंतरी लांब झाल्यासारखं झालं, पलीकडच्या काठाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी होडीत बसलो. राजीनामा खिशातच व्हता, वल्ह्याच्या पाण्यानं भिजला, मंग फेकला.

तिथून पुढं सांगण्यासारखं काही न्हाय. प्रायश्चित्त मी घेतलं न्हाय, कोणासाठी घ्यायचं. अलीकडं दोनदा जागा निघाली, सायबांनी विचारलं, मी न्हाय म्हटलं. दुसरं लग्न केलं न्हाय, जातीत कोणी दिली नसती आणि मीही मागितली न्हाय. पलीकडच्यांना वाटलं मास्तर आता आपल्यात येणार, पाद्रीबाबांनी एकदा विचारलंही, मी म्हटलं, न्हाय बाबा, मी कुठंच येणारा न्हाय. शाळा तेवढी केली. सहा पास पोरांची साठ झाली, पाचवी निघाली, सहावी निघाली. रोजाची पोरं माझ्याच हाताखाली शिकली. जुझेफा गेली तवा तिला खांदा द्यायला मला पुढं घेतलं.

आठ-दहा वर्षांनी, लढाई सुरू व्हायच्या थोडी आधी, रेवदंड्याला होडीच्या धक्क्यावर चहाचं दुकान निघालं. एका सकाळी मी होडीची वाट बघत व्हतो आणि दुकानातून हाक आली, मास्तर, या, चहा घ्या. बघतो तर मामा. म्हातारे झालेले. मुंबईला सुपारी पोचवून आगबोटीनं आलेले. पुढ्यात कप, आणि बशीत पाव. ते पाव चहात बुडवून खात व्हते. आजूबाजूला आमचीच माणसं, तीही बुडवत व्हती. कोणाला काही वाटत नव्हतं, काळ कवा बदलला ते मला पलीकडच्या काठावर कळलंच न्हाय. मी बसलो. मामांनी पाव मोडला, आणि अर्धा माझ्या बशीत ठेवला. म्हणाले, घ्या, ताजा हाय.

मी म्हटलं, न्हाय मामा. मी पाव खात न्हाय.

त्यांनी तो अर्धा उचलून आपल्या बशीत परत ठेवला. म्हणाले, गोदी बरी हाय. तीन पोरं हायत. मी म्हटलं, बरं झालं. खरंच बरं झालं, मनापासून म्हटलं. होडी लागली तसा उठलो. श्रावणातल्या त्या पावानंतर मी पावाला शिवलो न्हाय, अख्खी जात मला पाव खाणारा म्हणून वाळीत टाकून बसली व्हती तवाही न्हाय. का ते विचारू नका, मला सांगता येत न्हाय.

आता पेन्शनीत हाय. पलीकडंच राहतो, रोजाच्या परड्याला लागून खोली हाय, माझं मी शिजवतो, भाजी तिच्याकडून येते. मागल्या महिन्यात गावानं सत्कार केला, शाल दिली, आणि भाषणात म्हणाले की मास्तरांनी आमच्या पोरांसाठी आपल्या संसाराचा त्याग केला. मी उठून सांगणार व्हतो, पण गळ्यात हार घातलेल्या माणसाचं कोण ऐकतं. तुम्ही लिहिताय तर एवढं बरोबर लिहा. त्याग करणारा माणूस आधी ठरवतो. मी काही ठरवलं न्हाय. मी येतो म्हणालो आणि लांबवलं.

ठेवा आता ती वही. ऊन उतरलंय, शेवटची होडी सुटंल. तुमच्या घरी कोणाला सांगून आला असाल ना, अमक्या वेळेला येतो म्हणून. मंग चहाबिहा राहू दे, पुढच्या खेपेला घेऊ. भरती लागायच्या आत निघा, आणि कशासाठी उशीर व्हायला लागला तर आधी निरोप धाडा. जा, सुखानं जा. पोचलात की कळवा.